दाणे काढलेली कणसं, गव्हाची चापड आणि त्यातली प्रीबायोटिक साखर

मुक्ता_इंदूर (धागाकर्ती)

मंडळी, आपल्या इंदूरच्या गटात खाण्यावर भरपूर लिहिलं जातं. सराफ्यातला भुट्ट्याचा कीस, छप्पन दुकान, सकाळचे पोहे, काहीच सुटत नाही. पण हे धान्य आपल्या ताटात येईपर्यंत मागे जे उरतं त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मी अन्नप्रक्रियेच्या क्षेत्रात आहे. झायलनेज नावाच्या एन्झाइमवर प्रयोगशाळेत काम केलंय. या विषयाचं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गव्हाच्या दाण्यात वजनाच्या साधारण 14-15 टक्के भाग वरच्या आवरणाचा असतो. रोलर मिलमध्ये मैदा-रवा काढताना हे आवरण आणि त्याला चिकटलेलं पीठ मिळून शंभर किलो गव्हामागे वीस-पंचवीस किलो चापड बाजूला पडते. मका सोलला की मधला लाकडासारखा दांडा उरतो. साळीचं तूस उरतं, तांदळाचा कोंडा उरतो. शेजारी उज्जैनला पोह्यांचे कारखाने आहेत, तिथे तुसाचे ढीग लागतात आणि ते बॉयलरमध्ये जळतात.

या सगळ्यांत झायलन नावाचा पदार्थ असतो. झायलोज ही पाच कार्बनची साखर, तिचे रेणू एकापुढे एक जोडून झालेली ही लांब साखळी. ती तोडायला लागणारं एन्झाइम माणसाचं शरीर बनवत नाही. म्हणून चापड किंवा कणसाचा दांडा आपल्यासाठी नुसता चोथा. पण हीच साखळी दोन ते सात कड्यांच्या तुकड्यांत तोडली की झायलो-ऑलिगोसॅकराइड तयार होतात. पुढे मी त्यांना एक्सओएस म्हणते. हे तुकडे पाण्यात विरघळतात, चवीला साखरेच्या तिसऱ्या हिश्श्याइतके गोड लागतात, लहान आतड्यात पचत नाहीत आणि मोठ्या आतड्यात गेल्यावर तिथले बिफिडोबॅक्टेरिया नावाचे उपयोगी जिवाणू ते आवडीने खातात. त्यातून अॅसिटेट, ब्युटिरेटसारखी आखूड साखळीची आम्लं तयार होतात. आतड्याच्या आतल्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन म्हणजे ब्युटिरेट.

प्रीबायोटिक म्हणजे आपण पचवत नाही पण आतड्यातल्या उपयोगी जिवाणूंना पोसतं असं अन्न. ही कल्पना गिब्सन आणि रॉबरफ्रॉइड या दोन शास्त्रज्ञांनी 1995 मध्ये मांडली. इन्युलिन, एफओएस (फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड) वगैरे मंडळी त्यात आधीपासून आहेत. एक्सओएसचं वेगळेपण म्हणजे मात्रा कमी लागते. 2014 मध्ये छापून आलेल्या एका चाचणीत 32 निरोगी माणसांना आठ आठवडे दिवसाला 1.4 किंवा 2.8 ग्रॅम एक्सओएस किंवा तुलनेसाठी एक्सओएस नसलेली नुसतीच पूड दिली होती. 2.8 ग्रॅमवाल्यांत बिफिडोबॅक्टेरिया स्पष्ट वाढलेले दिसले आणि पोट फुगण्याच्या तक्रारी आल्या नाहीत. माणसं थोडी होती, त्यामुळे यावरून मोठे दावे करू नयेत. पण मात्रेचा अंदाज येतो. इन्युलिनसारख्याला साधारण पाच ते दहा ग्रॅम लागतात. शिवाय एक्सओएस आंबट पदार्थांत टिकतं आणि उकळत्या तापमानालाही तुटत नाही. सरबतात किंवा बिस्किटात घालायला दुसरे काही प्रीबायोटिक कुचकामी ठरतात, तिथे हे चालतं.

आता तयार कसं करायचं. वाटा दोन, आणि कारखान्यात बहुतेक वेळा दोन्ही जोडून वापरतात.

पहिली वाट नुसत्या गरम पाण्याची. बारीक केलेला माल पाण्याबरोबर बंद भांड्यात 160 ते 180 अंशांवर ठेवायचा. झायलनच्या साखळीला अॅसिटिल गट लटकलेले असतात. ते सुटून अॅसेटिक आम्ल बनतं आणि तेच आम्ल पुढे साखळी तोडत जातं. बाहेरून आम्ल घालायची गरजच नाही. मला ही पद्धत फार सुंदर वाटते, मालच स्वतःचं औषध घेऊन आलेला असतो. पण वेळ थोडा जास्त झाला की तुकड्यांचं सुटं झायलोज होतं, आणि त्याहून ताणलं की झायलोजचं फरफ्युरल नावाचं रसायन होतं. फरफ्युरल खाण्यात नको. गंमत म्हणजे त्याचाच मोठा धंदा झाला: 1922 मध्ये अमेरिकेत क्वेकर ओट्स कंपनीने ओटच्या टरफलांपासून फरफ्युरल काढायला सुरुवात केली. माल त्याच जातीचा, रसायन तेच. आपल्याला फक्त अलीकडे थांबायचंय.

दुसरी वाट एन्झाइमची. आधी सौम्य अल्कलीने झायलन सोडवून घ्यायचं, मग साधारण 50 अंशांवर झायलनेज सोडायचं. हे एन्झाइम साखळी मधूनमधून कापतं. पण त्यात बीटा-झायलोसिडेजची भेसळ नको, कारण ते टोकाकडून एकेक कडी सोडवत जातं आणि शेवटी हातात सुटं झायलोज उरतं. ते बिफिडोबॅक्टेरियापर्यंत पोचायच्या आधीच बरंचसं शोषलं जातं. म्हणून एन्झाइम निवडताना ते किती जोरदार आहे याच्याइतकंच त्यात काय नाही हेही पाहावं लागतं.

आता चापड आणि कणसाचा दांडा यांतला फरक, कारण माझ्या म्हणण्याचा सगळा रोख तिकडे आहे.

मिलमधली चापड मूठभर घेऊन चोळा. हाताला पांढरं पीठ लागतं. तिच्यावर आयोडीनचा थेंब टाका, लगेच निळीकाळी होते. म्हणजे स्टार्च. चापडीत 10 ते 20 टक्के स्टार्च आणि 15 टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. ही दोन्ही आधी काढली नाहीत तर पुढच्या पाण्यात ग्लुकोज येतं, रंग काळपट होतो आणि शुद्ध करता करता जीव जातो. शिवाय गव्हातल्या झायलनला अॅरॅबिनोज या दुसऱ्या साखरेच्या फांद्या असतात आणि त्या फांद्या फेरुलिक आम्लाने एकमेकींना शिवलेल्या असतात. एन्झाइमला आत शिरायला जागाच नसते.

याउलट दाणे काढलेलं वाळकं कणीस आडवं कापून बघा. मध्ये मऊ भेंड, त्याभोवती टणक लाकडी कडं आणि बाहेर दाणे बसायच्या खाचांची कुसळं. स्टार्च जवळजवळ नाही, प्रथिनं अगदी कमी, आणि वाळल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास झायलन. फांद्याही थोड्या. चीन आणि जपानमधल्या कंपन्या एक्सओएस मुख्यतः याच दांड्यांपासून करतात. युरोपीय संघाने 2018 मध्ये नवा अन्नघटक म्हणून मंजूर केलेलं एक्सओएससुद्धा मक्याच्या दांड्याचंच.

आणि मका आपल्या मध्य प्रदेशात भरपूर आहे. छिंदवाडा तर मक्यासाठीच ओळखलं जातं. निमाड, झाबुआ, धार, रतलाम, सगळीकडे खरिपात मका दिसतो. मंडीत दाणे येतात, दांडे शेतातच राहतात. माझं म्हणणं एवढंच की इंदूरने, म्हणजे कचरा वेगळा करायला सगळ्या देशाला शिकवणाऱ्या गावाने, आता धान्याच्या उरलेल्या मालाकडेही त्याच नजरेने बघावं. आधी खाण्याजोगं काढून घ्या, उरलेलं गॅसला किंवा बॉयलरला द्या. चर्चा व्हावी.

दळण_छावणी

मुक्ताताई, लेख आवडला. पण एक सांगतो, आमच्या धंद्यात चापड कुणी टाकाऊ समजत नाही. छावणीच्या मंडीतून गहू येतो, दळला की चापडीचं पोतं थंड व्हायच्या आत गिऱ्हाईक दारात उभं असतं. मैद्याचा भाव पडला की कित्येकदा चापडीवरच मिल तगते. तुम्ही ही साखर काढायला चापड उचलायला लागलात तर गाईम्हशींना काय घालायचं?

दूधवाले_भाऊ

हेच म्हणतो. चापडीचा भाव वाढला की दुधाचा वाढतो. शहरातल्या लोकांच्या पोटातल्या जिवाणूंसाठी गाईचा घास काढू नका, ताई.

मुक्ता_इंदूर

दळणदादा, भाऊ, तुमचं दोघांचंही रास्त आहे, आणि माझा ओढा मक्याच्या दांड्याकडे आहे तो याचमुळे.

गाईच्या रूमेनमध्ये, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, झायलन तोडणारे जिवाणू आणि बुरश्या असतात. चापडीतलं झायलन गाईच्या पोटात वाया जात नाही, त्याची तीच आम्लं बनतात आणि त्यातून तिला ऊर्जा मिळते. जे काम आम्ही स्टीलच्या भांड्यात वाफ आणि एन्झाइम खर्चून करतो, ते गाय चरता चरता करते. म्हणून चांगली, स्वच्छ चापड गाईला जाणं हा तिचा उत्तम उपयोग आहे असं मी मानते. तिला टाकाऊ म्हणणारे अहवाल वाचले की मला राग येतो.

तरीही कुणी चापडीतून एक्सओएस काढलंच, तर धुवून काढलेला स्टार्च आणि प्रथिनं पशुखाद्यातच परत यायला हवीत. तसं गणित बसत नसेल तर तो प्रकल्प करू नये.

दांड्यांचं तसं नाही. ते जनावरं फारसं खात नाहीत, दळून मिसळावे लागतात, आणि पोषण थोडं.

निमाडकर

आमच्याकडे खरगोन भागात थ्रेशरमधून दांडे निघतात ते शेताच्या कडेला ढिगात पडतात. काही घरी चुलीला जातात, काही वीटभट्टीवाले नेतात, उरलेले नांगरणीच्या आधी पेटवून देतात. पाऊस लांबला की ढिगाला काळी-हिरवी बुरशी धरते. अशा मालाचं काही होतं का? आणि शेतकऱ्याच्या हाती काय पडणार, ते आधी सांगा.

मुक्ता_इंदूर

निमाडकर, बुरशी धरलेला माल नकोच. मक्यावरच्या काही बुरश्या अफ्लाटॉक्सिन आणि फ्युमोनिसिनसारखी विषं सोडतात. ती उकळून नष्ट होत नाहीत. शेवटी पूड माणसाच्या पोटात जाणार आहे, त्यामुळे इथे तडजोड नाही.

चांगला माल म्हणजे मातीला न टेकलेला, ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या खळ्यावर पडलेला, ओलावा 12-13 टक्क्यांच्या आत आणलेला, आणि पावसाआधी झाकून ठेवलेला. थ्रेशरच्या मागच्या बाजूला ताडपत्री अंथरण्यापासून सुरुवात होते. दांडा हलका आणि फुगीर असतो, ट्रक भरतो पण वजन भरत नाही. म्हणून तो गावातच भरडायला हवा. भरड पोत्यात भरली की वाहतूक परवडते.

शेतकऱ्याच्या हाती काय, याचं उत्तर आज आकड्यात देता येईल असा बाजार आपल्याकडे उभा नाही. पण एक नक्की सांगते. भट्टीला विकताना दांड्याची फक्त उष्णता विकली जाते, ओला-सुका, मातीचा-बिनमातीचा सगळा एकाच भावात. खाद्यघटकासाठी घेणारा स्वच्छतेचे पैसे मोजेल, कारण घाण माल त्याला पुढे दसपट महागात पडतो. ही मेहनत कुणी करायची आणि तिचा मोबदला कसा ठरायचा, हे गावातल्या उत्पादक गटाने खरेदीदाराशी माल उचलण्याआधी लिहून ठरवलं पाहिजे.

राजवाडा_रहिवासी

एवढा खटाटोप कशाला? आपल्याकडे देवगुराडियाला एवढा मोठा बायो-सीएनजीचा कारखाना आहे. सगळं तिकडेच पाठवा, बसेस चालतील.

मुक्ता_इंदूर

त्या कारखान्याचा मलाही अभिमान आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये उद्घाटन झालं, रोज 550 टन वेगळा केलेला ओला कचरा पचवण्याची क्षमता, आणि दिवसाला 17 हजार किलोच्या आसपास गॅसचा अंदाज. घराघरांतून वेगळा काढलेला कचरा मिळतो म्हणूनच तो चालतो, हे विसरू नये.

पण तो ओल्या, मऊ, लवकर सडणाऱ्या मालासाठी आहे. वाळका दांडा तसाच टाकला तर लाकडाला कडकपणा देणाऱ्या लिग्निनमुळे जिवाणूंना तो सहजी फोडता येत नाही. गरम पाण्याच्या प्रक्रियेतून गेलेला दांडा मात्र सैल होतो, त्यातलं सेल्युलोज उघडं पडतं. म्हणजे आधी एक्सओएस काढून उरलेला लगदा गॅसला दिला तर गॅसचंही भलंच होतं. क्रम बरोबर लावला तर दोन्ही मिळतात, आणि उलट लावला तर साखर कायमची गेली.

सराफ्यात कीस काढून उरलेल्या ओल्या कणसांचं विचाराल तर ती मात्र खुशाल देवगुराडियाला जाऊ देत. ती कोवळी असतात, दाण्यांचं दूध लागलेलं असतं, आणि सकाळपर्यंत आंबतात. खाद्यघटकासाठी तो माल नाही.

विनय_पुणे

मी केमिकल इंजिनिअर, माहेर नाही पण आजोळ इंदूरच्या रामबागेतलं, म्हणून इथे डोकावतो. मुक्ता, रसायन झकास समजावलंस. पण खरी लढाई पाण्याशी आहे, ते लिहिल्याशिवाय लोकांना प्रकल्प सोपा वाटेल.

साधं गणित मांडतो. एक किलो सुका दांडा आणि आठ लिटर पाणी धरा. दांड्यात 300 ग्रॅम झायलन, त्यातलं निम्मं एक्सओएस झालं असं समजू, म्हणजे 150 ग्रॅम. आठ लिटर पाण्यात 150 ग्रॅम म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. एक किलो पूड हवी असेल तर पन्नास लिटरहून जास्त पाणी उडवावं लागेल. ते सगळं वाफेने उडवलं तर इंधनाचा खर्चच साखर खाऊन टाकेल.

म्हणून आधी नॅनोफिल्ट्रेशन. पडदा असा निवडायचा की पाणी, मीठ आणि बरंचसं सुटं झायलोज पलीकडे जाईल आणि एक्सओएस अलीकडे राहील. घट्ट झाल्यावरच बाष्पीकरण, मग स्प्रे ड्रायर. त्याआधी रंग आणि फरफ्युरल धरायला सक्रिय कोळसा, क्षार काढायला आयन एक्स्चेंज. कोळसा जास्त घातला तर तो एक्सओएसही धरून ठेवतो. भांडवलाचा मोठा भाग या मागच्या यंत्रांत जातो. रिअॅक्टर त्या मानाने स्वस्त.

शिवाय 180 अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब साधारण दहा बार. म्हणजे बॉयलर निरीक्षक, प्रमाणित भांडी, प्रशिक्षित माणूस. हे खेड्यात शेडखाली होणारं काम नाही.

मुक्ता_इंदूर

विनयदादा, अगदी हेच हवं होतं. म्हणूनच माझ्या मनात काम दोन जागी वाटलेलं आहे. वाळवणं, निवडणं, भरडणं गावात. दाबाचं आणि शुद्धीकरणाचं काम पीथमपूर किंवा सांवेर रोडसारख्या ठिकाणी, जिथे वाफ, सांडपाण्याची सोय आणि कुशल माणसं आधीच आहेत.

आणखी एक मार्ग आहे. 95 टक्के शुद्ध पुडीच्या मागे न लागता कमी शुद्धतेचा पाक पशुखाद्यासाठी, विशेषतः कोंबड्यांसाठी आणि वासरांसाठी काढायचा. शेवटच्या दोन-तीन यंत्रांचा खर्च वाचतो. कोंबडीला रूमेन नसतं, त्यामुळे तिला याचा उपयोग होऊ शकतो. सुरुवात करायला मला हा पर्याय जास्त शहाणपणाचा वाटतो.

सुलभा_लोकमान्यनगर

मुक्ता बाळा, माझं वय 71, मधुमेह आहे आणि पोट साफ होत नाही. चापड कुकरमध्ये भरपूर शिट्ट्या देऊन शिजवली तर ही साखर घरी निघेल का? आणि साखर म्हटलंस, तर ती मला चालेल का?

मुक्ता_इंदूर

सुलभामावशी, कुकरमध्ये तापमान 120 अंशांच्या पुढे जात नाही. आपल्याला लागतं 160 ते 180. शिट्ट्या कितीही दिल्या तरी चापड मऊ होईल, साखळी तेवढी तुटणार नाही. अल्कलीचे प्रयोग तर घरी मुळीच करू नका.

एक्सओएस लहान आतड्यात पचत नाही, त्यामुळे रक्तातली साखर तशी वाढवत नाही. पण बाजारातल्या पुड्यांचं बघून घ्यावं लागतं. एक्सओएस 95, 70, 35 टक्के अशा शुद्धतेत विकलं जातं, आणि कमी शुद्धतेच्या पुडीत उरलेला भाग बऱ्याचदा स्टार्चपासून केलेल्या माल्टोडेक्स्ट्रिनचा असतो. ते मात्र थेट ग्लुकोज होतं. डबा उलटा करून घटकांची यादी वाचा, आणि औषधं चालू असताना डॉक्टरांना विचारूनच घ्या.

अवंती_आहारतज्ज्ञ

मावशी, मुक्ताने सांगितलं त्यात थोडी भर घालते. आपल्या घरांत कणीक बारीक चाळणीने चाळायची आणि वरचा कोंडा गाईला घालायची पद्धत आहे. गाईला घास जरूर घाला, पण चाळण मोठ्या भोकांची घ्या किंवा चाळूच नका. कोंड्यातला काही भाग मोठ्या आतड्यातले जिवाणू स्वतःच फोडतात, आणि जो फुटत नाही तो मल सैल ठेवायला मदत करतो. तुमच्या तक्रारीवर हा उपाय पुडीच्या आधीचा आहे.

एकदम वाढवू नका. आठवडाभर थोडं, मग आणखी थोडं. पाणी भरपूर प्या, नाहीतर कोंड्याने बद्धकोष्ठ वाढतं. ज्यांना आयबीएस (आतडं चटकन चिडण्याचा विकार) आहे त्यांना गव्हाचा कोंडा उलट त्रास देऊ शकतो, त्यांनी विचारून करावं. आणि ज्वारीची भाकरी, हरभऱ्याची उसळ, ताकाबरोबर कांदा-लसूण, यांतही वेगवेगळी प्रीबायोटिक द्रव्यं आहेतच. एकाच पुडीवर सगळा भार टाकायचं कारण नाही.

कंपन्यांना एक विनंती, कुणी वाचत असेल तर. एफएसएसएआयच्या 2016 च्या न्यूट्रास्युटिकल नियमांत प्रीबायोटिकांची वेगळी यादी आहे. पाकिटावर नुसतं ‘फायबरयुक्त’ न लिहिता कुठलं द्रव्य किती ग्रॅम आहे ते लिहा. रुग्णाला दिवसाची मात्रा सांगताना आम्हाला तेवढंच लागतं.

सोयावाला

आपल्याकडे सोयाबीन संशोधन संस्था इंदुरातच आहे. सोयाबीनमध्येही अशी साखर असते ना?

मुक्ता_इंदूर

हो, रॅफिनोज आणि स्टॅकिओज. सोयाबीन खाल्ल्यावर गॅस होतो तो त्यांच्याचमुळे, आणि बिफिडोबॅक्टेरिया तीही खातात. सोया प्रथिनं वेगळी काढताना जे पाणी उरतं त्यात ती विरघळलेली असतात. तोडायची गरज नाही, फक्त गाळून घट्ट करायची. धान्याच्या धाग्यात बसत नाही, पण माळव्यासाठी हा स्वतंत्र धागा व्हायला हवा. तुम्हीच काढा.

दळण_छावणी

ताई, एक प्रश्न राहिला. आमच्या शेजारी तांदूळ भरडणारे आहेत, ते त्यांच्या कोंड्याबद्दल विचारत होते.

मुक्ता_इंदूर

त्यांना सांगा, तांदळाच्या कोंड्यात आधी तेल बघा. भरडल्याबरोबर त्यातलं लायपेज एन्झाइम तेल फोडायला लागतं आणि कोंडा बघता बघता खवट होतो. त्यामुळे लगेच वाफ देऊन स्थिर करणं आणि तेल काढणं हेच त्याचं पहिलं काम. तेल काढलेल्या पेंडीतून नंतर झायलन काढता येतं. तुसाच्या नादी मात्र लागू नका, त्याच्या राखेत बहुतेक सगळा सिलिका असतो आणि तो यंत्र झिजवतो.

ऋचा_विद्यार्थिनी

ताई, मी इंदूरला बायोटेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. हाच विषय प्रकल्पाला घेतलाय. चापडीवर झायलनेज घालून डीएनएस चाचणी केली, रंग छान गडद आला. म्हणजे एक्सओएस बनलं असं म्हणू शकते का?

मुक्ता_इंदूर

ऋचा, अजून नाही म्हणता येणार. डीएनएस चाचणी साखरेचं फक्त मोकळं टोक मोजते. झायलोज आहे, झायलोबायोज (दोन कड्यांचा तुकडा) आहे की स्टार्चमधून आलेलं ग्लुकोज आहे, हे तिला कळत नाही. बाजारातल्या झायलनेजमध्ये बऱ्याचदा अमायलेजची, म्हणजे स्टार्च तोडणाऱ्या एन्झाइमची, भेसळ असते, आणि मग गडद रंग स्टार्चचाच निघू शकतो.

आधी चापड गरम पाणी आणि अमायलेज देऊन धू. आयोडीनचा थेंब पिवळाच राहिला पाहिजे, तोवर पुढे जाऊ नकोस. मग प्रत्येक प्रयोगाबरोबर दोन कोरे नमुने ठेव: एकात चापड आहे पण एन्झाइम नाही, दुसऱ्यात एन्झाइम आहे पण चापड नाही. कॉलेजात एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) मिळत नसेल तर टीएलसी (पातळ थराच्या प्लेटवर घटक वेगळे करणं) पुरेल. ब्युटेनॉल, अॅसेटिक आम्ल आणि पाणी 2:1:1 घे, प्लेट दोनदा चढव, ऑर्सिनॉल फवारून गरम कर. सुटं झायलोज वर पळतं, झायलोबायोज त्याच्या खाली, झायलोट्रायोज आणखी खाली. वेगवेगळ्या वेळांचे नमुने शेजारी शेजारी लाव, म्हणजे तुकडे कधी तयार होतात आणि कधी पुढे तुटून झायलोज वाढायला लागतं ते एकाच प्लेटवर दिसेल. तीच तुझी थांबायची वेळ. झायलोबायोजचं स्टँडर्ड महाग पडतं, पण ते मागवून घेच. शक्य असेल तर चापडीबरोबर मक्याच्या दांड्याची भरडही त्याच प्लेटवर चालव. भरड निमाडकरांकडून मिळेल, त्यांना इथेच निरोप टाक.

निमाडकर

ऋचाताई, पत्ता कळवा. यंदाचा सुका माल ताडपत्रीवरचा आहे, भरडून पाठवतो. किती बारीक हवी ते सांगा.

ऋचा_विद्यार्थिनी

काका, खूप आभार. रव्याइतकी जाड चालेल. मेसेज करते.